न सापडलेल्या कागदांचा इतिहास

#थ्रेड

१/
२ ऑक्टोबर १९७२. सॅन फ्रान्सिस्को उपसागराभोवतीच्या शहरांना जोडणारी ‘बार्ट’ ही नवी रेल्वे सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. गाडीचा वेग ठरवण्याचे काम या रेल्वेत स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवलेले होते. त्या दिवशी फ्रीमॉन्ट या अखेरच्या स्थानकात शिरलेली गाडी थांबलीच नाही. रूळ संपले तरी ती पुढे जात राहिली आणि वाहनतळाच्या बाजूला कोसळली. काही जण जखमी झाले, जीवितहानी टळली. वेग नियंत्रित करणाऱ्या यंत्रणेतील एका स्फटिकाच्या दोषामुळे, वेग कमी करण्याचा आदेश गाडीने वेग वाढवण्याचा आदेश म्हणून घेतला होता.

२/
अपघातापूर्वी होल्गर योर्ट्सवांग, मॅक्स ब्लँकेन्झी आणि रॉबर्ट ब्रुडर या बार्टच्याच तीन अभियंत्यांनी या यंत्रणेविषयी शंका उपस्थित केल्या होत्या. मार्च १९७२ मध्ये तिघांनाही नोकरीवरून काढण्यात आले. त्यामुळे अपघातानंतर प्रश्न केवळ यंत्राचा उरला नाही. धोका कोणाला ठाऊक होता, केव्हापासून ठाऊक होता आणि ठाऊक असून त्याने काय केले, हे प्रश्न पुढे आले. अशा प्रश्नांची उत्तरे साक्षीदारांच्या स्मरणात क्वचित मिळतात. ती टिपणांत, पत्रांत, बैठकांच्या इतिवृत्तांत असतात.

३/
या अपघाताशी जोडल्या जाणाऱ्या एका मोठ्या दाव्यात सुमारे ४०,००० दस्तऐवज जमा झाले. पाने होती जवळजवळ साडेतीन लाख. सर्व मजकूर संगणकात भरण्यात आला. वकिलांनी त्यात शोध घेतला आणि हव्या असलेल्या कागदांपैकी किमान तीन चतुर्थांश आपल्या हाती आले आहेत, असा निर्वाळा दिला. दोन संशोधकांनी मोजमाप केले, तेव्हा सरासरीने हाती आलेला हिस्सा निघाला सुमारे एक पंचमांश. आज प्रत्येक वकिली कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधाची एक चौकट असते. त्या चौकटीवर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न या मोजमापाने उभा केला. त्याची पूर्वपीठिका मात्र बरीच आधीची आहे.

४/
अमेरिकेत १९३८ साली दिवाणी प्रक्रियेचे नवे संघीय नियम लागू झाले. खटला उभा राहण्याआधी एका पक्षाने दुसऱ्याकडून संबंधित कागद मागवण्याची ‘डिस्कव्हरी’ ही प्रक्रिया त्यांनी व्यापक केली. आपल्या बाजूला प्रतिकूल असलेला कागदही दडवता येणार नाही, हे या व्यवस्थेमागील तत्त्व. पुढे १९५९ मध्ये झेरॉक्स ९१४ हे यंत्र आले आणि कार्यालयांतील प्रतींची संख्या झपाट्याने वाढली. कायद्याने कागद मागण्याचा अधिकार दिला आणि यंत्राने कागदांचा पूर आणला. मोठ्या खटल्यांत ट्रक भरून खोकी येऊ लागली.

५/
या खोक्यांतून वाट काढण्याची जुनी रीत म्हणजे सूची. कनिष्ठ वकील किंवा साहाय्यक प्रत्येक कागद वाचत. लेखक, प्राप्तकर्ता, तारीख आणि विषय एका कार्डावर नोंदवत. कार्डे विषयवार लावली जात. ही रीत भरवशाची वाटे. पण तिचे यश नोंद करणाऱ्याच्या दूरदृष्टीवर अवलंबून असे. तीन वर्षांनी खटल्यात कोणता मुद्दा निर्णायक ठरेल, हे पहिल्या वाचनाच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसते. त्या दिवशी क्षुल्लक वाटलेल्या तपशिलासाठी कार्डच तयार होत नसे.

६/
यावर पहिला संगणकीय उपाय खटल्यांच्या कागदांसाठी निघालाच नाही. तो कायद्यांच्या मजकुरासाठी निघाला. पिट्सबर्ग विद्यापीठात आरोग्यविषयक कायद्यांच्या केंद्राचे प्रमुख होते जॉन हॉर्टी. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्यापुढे एक रूक्ष काम आले. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्यांत मतिमंद मुलांसाठी वापरला जाणारा जुना शब्दप्रयोग जिथे जिथे येतो, तिथे तिथे तो बदलून ‘एक्सेप्शनल चाइल्ड’ असा नवा शब्दप्रयोग घालायचा होता.

७/
प्रथम विद्यार्थ्यांना कायदे वाचायला बसवण्यात आले. त्यांच्या नजरेतून अनेक ठिकाणे सुटली. दुसऱ्या तुकडीनेही वाचन केले; तरी काही ठिकाणे राहिलीच. अखेर हॉर्टी यांनी कायद्यांचा मजकूर पंचकार्डांवर उतरवून घेतला आणि शब्द शोधण्याचे काम संगणकावर सोपवले. माणूस थकतो, ओळ चुकतो, सवयीने पुढे सरकतो. यंत्राने शब्द ज्या ज्या ठिकाणी होता, ते प्रत्येक ठिकाण दाखवले. १९६० साली अमेरिकन बार असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनात हॉर्टी यांनी या पद्धतीचे प्रात्यक्षिक करून दाखवले.

८/
पद्धतीचे मूळ साधे आहे. ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच सूची संगणक संपूर्ण मजकुराची तयार करतो. ‘आणि’, ‘किंवा’ यांसारखे सर्रास येणारे शब्द वगळायचे. उरलेल्या प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या दस्तऐवजात, कोणत्या वाक्यात, कितव्या स्थानी येतो, हे नोंदवायचे. मग दोन शब्द एकाच परिच्छेदात आलेले कागद, किंवा एक शब्द असलेले पण दुसरा नसलेले कागद, असे प्रश्न विचारता येतात. विषय कोणता हे ठरवणाऱ्या माणसाची गरजच उरत नाही. आजच्या बहुतेक शोधप्रणालींच्या तळाशी हीच रचना आहे.

९/
ओहायो राज्याच्या वकील संघटनेने १९६७ पासून या दिशेने प्रयोग आरंभले आणि त्यातून १९७३ मध्ये ‘लेक्सिस’ ही सेवा व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. निकाल आणि अधिनियम शोधण्यासाठी वकिलांच्या कार्यालयांत पडदे लागले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कायद्याचा मजकूर जाणीवपूर्वक लिहिलेला असतो. एका संकल्पनेसाठी एकच संज्ञा वापरावी, व्याख्या दिल्यावर ती पाळावी, ही मसुदाकाराची शिस्त असते. अशा मजकुरात शब्द सापडला की बहुधा विषयही सापडतो. हॉर्टी यांच्या यशात या शिस्तीचा वाटा मोठा होता.

१०/
खटल्यांतील कागदांची सूची किती मोलाची असते, याचा धडा त्याच वर्षी मिळाला. डिसेंबर १९६८ मध्ये कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या संगणक कंपनीने आयबीएमवर मक्तेदारीचा दावा दाखल केला होता. पुढच्याच महिन्यात, १७ जानेवारी १९६९ रोजी, अमेरिकेच्या न्याय विभागानेही आयबीएमवर स्वतंत्र खटला भरला. कंट्रोल डेटाने आयबीएमकडून मिळालेल्या कागदांच्या डोंगराची संगणकीय सूची तयार केली. सरकारी वकीलही आपल्या खटल्यासाठी त्याच सूचीवर विसंबून होते.

११/
जानेवारी १९७३ मध्ये कंट्रोल डेटा आणि आयबीएम यांच्यात तडजोड झाली. आयबीएमची सर्व्हिस ब्युरो कॉर्पोरेशन ही उपकंपनी कंट्रोल डेटाला मिळाली. तडजोडीचा एक भाग म्हणून ती सूची नष्ट करण्यात आली, आणि तीही इतक्या तातडीने की सरकारी वकिलांना हस्तक्षेपास अवसर मिळाला नाही. मूळ कागद कोणी जाळले नव्हते. ते आयबीएमच्या ताब्यात होते आणि पुन्हा मागवता येत होते. नाहीशी झाली होती ती त्यांच्यातून जाणारी वाट. सरकारचा खटला पुढे रेंगाळत राहिला. सुनावणी १९७५ मध्ये सुरू झाली आणि ८ जानेवारी १९८२ रोजी सरकारने तो मागे घेतला. सूचीचा नाश हे त्याचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. पण कागद असणे आणि कागद सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने सर्वांच्या मनावर ठसवले.

१२/
आयबीएमकडे ‘ॲक्वेरियस’ नावाची एक अंतर्गत शोधप्रणाली होती. तिच्यातून पुढे ‘स्टेअर्स’ ही प्रणाली घडली आणि बाजारात आली. मोठ्या कंपन्या, शासकीय खाती आणि मोठे दावे लढवणारे वकील तिचे ग्राहक झाले. सूची करण्यासाठी माणसे नेमण्याची गरज नाही. संपूर्ण मजकूर भरा, हवा तो शब्द द्या आणि कागद मिळवा, असे तिचे आश्वासन होते. मानवी सूचीचे दोष ज्यांनी अनुभवले होते, त्यांना हे आश्वासन पटणे स्वाभाविक होते.

१३/
हे आश्वासन तपासण्याचे काम डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोघांनी हाती घेतले. ब्लेअर मिशिगन विद्यापीठात, तर मॅरन बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन करत होते. मॅरन यांनी १९६० मध्येच संभाव्यतेच्या आधारे दस्तऐवज शोधण्याचा सिद्धांत एका सहकाऱ्यासह मांडला होता. तपासणीसाठी त्यांना प्रयोगशाळेतील छोटा संग्रह मिळाला नाही. मिळाला तो प्रत्यक्ष चालू असलेल्या दाव्याचा संग्रह. त्यांच्या निबंधात दाव्याचे नाव नाही; नंतरच्या विधी-साहित्यात तो बार्टच्या अपघाताचा म्हणून ओळखला जातो. आरंभी सांगितलेले ४०,००० दस्तऐवज ते हेच.

१४/
प्रयोगाची रचना काटेकोर होती. बचाव पक्षाच्या दोन वकिलांनी एकूण ५१ प्रश्न दिले. हा दावा त्यांना नखशिखान्त ठाऊक होता. प्रणाली चालवण्यात तरबेज असलेले साहाय्यक शोध घेत आणि सापडलेले कागद वकिलांपुढे ठेवत. वकील ते तपासत आणि प्रश्नाची फेरमांडणी सुचवत. मग पुन्हा शोध होई. हव्या असलेल्या कागदांपैकी निदान ७५ टक्के मिळाले आहेत, अशी वकिलांची खात्री होईपर्यंत हे चक्र चालू राही. बचावासाठी त्याहून कमी प्रमाण चालणार नाही, असे त्यांनी स्वतःच ठरवले होते.

१५/
त्यानंतर संशोधकांनी असे पाऊल उचलले, जे रोजच्या कामात कोणी उचलत नाही. न सापडलेल्या कागदांकडे ते वळले. उपयुक्त कागद जिथे असण्याचा संभव अधिक, अशा भागांतून त्यांनी यादृच्छिक नमुने काढले. ते इतर कागदांत मिसळून त्याच वकिलांपुढे ठेवले. कोणता कागद कोठून आला, हे वकिलांना सांगितले नाही. ज्यांना वकिलांनी स्वतः उपयुक्त ठरवले, पण जे शोधात आले नव्हते, असे कागद अशा रीतीने उजेडात आले.

१६/
निष्कर्ष मार्च १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तो दोन मापांत होता. पहिले माप अचूकतेचे: सापडलेल्या कागदांपैकी किती कामाचे? सरासरी ७९ टक्के. दुसरे माप समग्रतेचे: कामाच्या सर्व कागदांपैकी किती सापडले? सरासरी २० टक्के. नमुने संग्रहाच्या निवडक भागांतूनच काढलेले असल्याने खरे प्रमाण याहूनही कमी असू शकते, असे लेखकांनी नमूद केले. वकिलांच्या खात्रीचे कारण या दोन आकड्यांच्या तफावतीत आहे. हाती आलेल्या पाच कागदांपैकी चार कामाचे निघत होते, म्हणून शोध उत्तम चालला आहे, असे वाटत राहिले. अचूकता डोळ्यांना दिसते. समग्रता दिसत नाही, कारण न सापडलेला कागद आपण आहोत हे सांगायला येत नाही.

१७/
असे का झाले? पहिले कारण भाषेचे. ‘अपघात’ या शब्दाने अपघाताचे कागद मिळतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्या घटनेला काय म्हणावे, हे लिहिणाऱ्याच्या बाजूवर ठरत होते. दोष देणारे सरळ ‘अपघात’ म्हणत. ज्यांच्यावर बालंट येण्याची शक्यता होती, ते ‘दुर्दैवी परिस्थिती’ किंवा ‘अडचण’ म्हणत. काहींनी केवळ ‘आपल्या मागील पत्राचा विषय’ एवढाच निर्देश केला होता. एका बैठकीच्या इतिवृत्ताचा आरंभच असा होता, की आपण येथे का जमलो आहोत हे सर्वांना ठाऊक आहे. त्या बैठकीतील कोणालाही तो शब्द उच्चारण्याची गरज नव्हती. म्हणून तो शब्द कागदावर आला नाही, आणि शोधणाऱ्याच्या पडद्यावरही आला नाही.

१८/
दुसरी उदाहरणे तांत्रिक होती. पोलादाचे प्रमाण विचारणाऱ्या प्रश्नात ‘पोलाद’ हा शब्द होता. कागदांत मात्र तुळया, गर्डर, चौकटी यांच्या याद्या होत्या आणि पोलादाचा नामोल्लेखही नव्हता. ‘ट्रॅप करेक्शन’ या दुरुस्तीचा शोध घेताना आढळले की तीच गोष्ट काही कागदांत ‘वायर वॉर्प’, काहींत ‘शंट करेक्शन सिस्टिम’, तर काहींत ‘रोमन सर्कल मेथड’ या नावाने वावरत होती. एक नाव मिळाले की दुसऱ्याचा माग लागे, दुसऱ्यावरून तिसऱ्याचा. चाळीस तास हा पाठलाग चालला आणि मग थांबवण्यात आला. नावे संपली म्हणून तो थांबला नव्हता. वेळ संपला होता. टंकलेखनाच्या चुकांनी त्यात आणखी भर घातली होती.

१९/
तिसरे कारण गणिताचे. छोट्या संग्रहात एक शब्द दिला तर दहा-वीस कागद येतात. ते वाचता येतात. चाळीस हजारांच्या संग्रहात तोच शब्द हजारो कागद आणतो. मग शोधणारा आणखी एक शब्द जोडतो, नंतर तिसरा, आणि यादी वाचण्याजोगी होते. पण प्रत्येक जोडणीत काही कामाचे कागदही गळतात. समजा, निवडलेला प्रत्येक शब्द कामाच्या १०० पैकी ६० कागदांत आहे आणि शब्दांचे येणे परस्परांवर अवलंबून नाही. दोन शब्द एकत्र मागितले की ३६ उरतात. तीन मागितले की सुमारे २२. प्रत्येक शब्द वाजवी होता, प्रत्येक निर्णय समंजस होता. तरीही चार पंचमांश ऐवज हातातून निसटला.

२०/
या निबंधावर वाद झाला. माहितीशोधाच्या शास्त्रातील अग्रणी जेरार्ड सॉल्टन यांनी १९८६ मध्ये उत्तर दिले. त्यांच्या मते हे आकडे अशा प्रणालींच्या मानाने काही विपरीत नव्हते, आणि माणसांनी केलेली सूची याहून सरस ठरली असती, याचा पुरावा ब्लेअर-मॅरन यांनी दिलेला नव्हता. हा आक्षेप रास्त होता. माणसाच्या सूचीतूनही कागद सुटतात, हे पेनसिल्व्हेनियातील विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांनी आधीच दाखवले होते. तथापि निबंधाचा गाभा अबाधित राहिला. शोधणाऱ्याची खात्री आणि शोधाची पूर्णता यांचा परस्परसंबंध गृहीत धरता येत नाही.

२१/
न्यायालयांना हा प्रश्न दोन दशकांनी भेडसावू लागला, कारण कागदाची जागा ई-मेलने घेतली. झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या खटल्यात न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी २००३ आणि २००४ मध्ये दिलेल्या आदेशांनी ई-मेल जपण्याची जबाबदारी पक्षकार आणि त्यांच्या वकिलांवर स्पष्टपणे टाकली. १ डिसेंबर २००६ पासून संघीय नियमांत ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती’ हा शब्दप्रयोग दाखल झाला. त्याच वर्षी शोधपद्धतींची तुलनात्मक चाचणी घेण्यासाठी ‘ट्रेक’ या संशोधन उपक्रमात विधी-दस्तऐवजांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

२२/
शब्दशोधाची दुसरी बाजू २००८ मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयात उघड झाली. एका दाव्यात प्रतिवादींनी सुमारे ७० शब्दांची यादी वापरून वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय पत्रव्यवहार वेगळा काढला आणि उर्वरित ऐवज विरुद्ध पक्षाला दिला. त्यात १६५ गोपनीय कागद निघाले. न्यायाधीश पॉल ग्रिम यांनी विचारले, की हे शब्द कोणी निवडले, कशाच्या आधारे निवडले आणि शोध पुरेसा झाला हे कसे तपासले? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. गोपनीयतेचा हक्क गेला. ज्या चुका बार्टच्या दाव्यात केवळ संशोधकांनी मोजल्या होत्या, त्यांची किंमत आता अशिलांना मोजावी लागली.

२३/
फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कचे मॅजिस्ट्रेट न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी एका खटल्यात सुमारे तीस लाख ई-मेलसाठी संगणक-साहाय्यित परीक्षणाला मान्यता दिली. यात वकील काही कागद तपासून ‘कामाचा’ किंवा ‘निरुपयोगी’ असे ठरवतात. संगणक त्या निवाड्यांवरून शिकतो आणि उर्वरित कागदांची क्रमवारी लावतो. निकालात ब्लेअर-मॅरन यांच्या अभ्यासाचा दाखला होता, आणि अंदाजाने शब्द निवडण्याची तुलना मुलांच्या पत्त्यांच्या खेळाशी केलेली होती. या योजनेत २,३९९ कागदांचा यादृच्छिक नमुना माणसांनी वाचायचा होता. १९८५ चा धडा अखेर न्यायालयीन कार्यपद्धतीत उतरला: सापडलेले वाचा, आणि न सापडलेल्यांतूनही मूठभर उचलून वाचा. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशाच पद्धतीला संमती दिली.

२४/
हा धडा मराठी कागदपत्रांना अधिकच लागू पडतो. महाराष्ट्रातील जमिनीच्या एखाद्या दाव्याचे बाड पाहावे. जुन्या कागदांत शेत ‘सर्वे नंबर’ने ओळखले जाते; १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यान्वये योजना झालेल्या गावांत पुढे तेच ‘गट नंबर’ने येते; साक्षीदाराच्या तोंडी ते केवळ ‘ओढ्याकडचा मळा’ असते. एकाच प्रकारचा दस्त कोठे ‘मृत्युपत्र’, कोठे ‘इच्छापत्र’, तर कोठे ‘व्यवस्थापत्र’ असतो. गणपत हा एका कागदात गणू आणि दुसऱ्यात गणपतराव असतो. फिर्यादीत ‘मारहाण’ असते आणि जबाबात ‘सदरचा प्रकार’. यांपैकी एकही शब्द चुकीचा नाही. प्रत्येक जण आपल्या जागी उभा राहून बोलतो आहे.

२५/
त्यात लिपीचे आणि यंत्राचे अडथळे आहेत. जुने दस्त मोडीत आहेत. अनेक कागद संगणकात केवळ छायाचित्र म्हणून चढवलेले असतात. पडद्यावर मजकूर दिसतो, पण यंत्राच्या लेखी तेथे अक्षर नसते. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेली फाइल डोळ्यांना देवनागरी दिसते. संगणकाच्या आत मात्र तेथे रोमन अक्षरांचे व चिन्हांचे निरर्थक कडबोळे असते, आणि युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यात कधीही जुळत नाही. अशा वेळी सॉफ्टवेअर चूक दाखवत नाही. ‘शून्य निकाल’ एवढेच दाखवते. कागद नाही आणि कागद सापडला नाही, या दोन्हींसाठी त्याच्यापाशी एकच उत्तर असते.

२६/
म्हणून जुन्या कारकुनी शिस्तीची गरज संपलेली नाही. कागद दाखल करतानाच तारीख, पक्षकार, दस्ताचा प्रकार आणि मिळकतीचे जुने-नवे क्रमांक नोंदवणे; छायाचित्रांचे अक्षरांत रूपांतर झाले आहे की नाही हे पाहणे; एकाच गोष्टीला दोन्ही बाजू कोणकोणत्या नावांनी ओळखतात, याची यादी खटल्यागणिक वाढवत नेणे; आणि शोध संपल्यावर न आलेल्या फाइलींपैकी काही सहज उचलून वाचणे. यांतील शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे, आणि आपण किती गमावतो आहोत याचा अंदाज केवळ त्यातूनच मिळतो.

२७/
बार्टच्या दाव्यातील ते इतिवृत्त या साऱ्याची खूण म्हणून लक्षात ठेवावे. बैठकीला आलेल्या प्रत्येकाला विषय माहीत होता. पानापानांवरचा मजकूर संगणकात अक्षरशः भरलेला होता, पुसलेला वा दडवलेला नव्हता. शोधणारे हुशार होते, प्रामाणिक होते आणि समाधानी होते. त्यांनी विचारलेला शब्द तेवढा त्या कागदावर नव्हता.

(समाप्त)